उलट्या बाह्यांचा कोट

आत्याला शिंप्याच्या दुकानात काम लागलं ते पंधराव्या वर्षी. सुई मिळेल म्हणून मोठ्या थाटात गेली, तर हातात आलं ब्लेड. "आधी उसवायला शीक," मास्तर म्हणाले. "शिवायचं नंतर बघू." ते 'नंतर' काही केल्या उजाडेना. अख्खं वर्ष आत्या स्टुलावर बसून जुन्या कपड्यांच्या शिवणी उसवत होती. मुळात स्वभावानेच मिरची! घरी येऊन आजीला म्हणायची, "लोकांच्या मुली शिवायला शिकतात, मी फाडायला शिकतेय."

पण काम चोख करायचं, ही तिची खोड. हिसका दिला की कापड जातं. म्हणून ती एका बाजूने दर चार-पाच टाके सोडून एक टाका कापायची आणि दुसऱ्या बाजूने दोरा अलगद ओढायची. कापडाला कळायचंसुद्धा नाही. उसवता उसवता कोट आतून कसा असतो, बाहीची जास्तीची गोलाई खांद्यात कशी जिरवतात, हे तिला पाठ झालं. घरी चिंध्यांवर टाके घालून तिने हातही बसवला.

गिऱ्हाइकाच्या कपड्याला सुई लावायची मात्र सक्त बंदी. "लावलीस तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस," असं मास्तरांनी बजावलं होतं, आणि मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आजोबा अंथरुणाला खिळलेले, घरात कमावती ही एकटी. आत्या मनात चडफडायची आणि गप्प बसायची.

एके दुपारी मास्तर बाह्या जोडून जेवायला गेले. कोट होता एका ट्रंपेटवाल्याचा. संध्याकाळी तो घालून त्याला वाजवायचं होतं. अस्तर आणि बटणं तेवढी राहिली होती. आत्याने कोट हँगरला लावला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कोपरापाशी पुढे वळायच्या त्या बाह्या मागे वळलेल्या! डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे. मास्तरांची नजर अधू झालीय हे तिला माहीत होतं, पण इतकी?

मास्तर परत येईपर्यंत थांबलं तर कोट होत नाही. हात लावला तर नोकरी जाते. "गेली तर गेली!" असं स्वतःशीच म्हणत तिने दोन्ही बाह्या उसवल्या आणि हातशिलाईने जागच्या जागी लावल्या. सुई टोचून टोचून बोटं लाल झाली.

मास्तर आले. अस्तर बंद करताना त्यांनी खांद्याच्या आतून बोट फिरवलं आणि ते थांबले. "हे टाके माझे नाहीत."

"नाहीत," आत्या म्हणाली. "बाह्या उलट्या लागल्या होत्या. मी उसवल्या, मीच लावल्या. उद्यापासून येत नाही."

मास्तरांनी मान खाली घालून अस्तर पुरं केलं, बटणं लावली. तेवढ्यात ट्रंपेटवाला आलाच. त्याने कोट चढवला, वाजवतो तसे दोन्ही हात उचलले. खांदा कुठे ओढेना.

"वा, मास्तर! तुमचा हात म्हणजे सोनं."

"माझा नाही, हिचा."

तो हसायला लागला.

"हसू नका," मास्तर म्हणाले. "मी बाह्या उलट्या लावल्या होत्या. मला आता नीट दिसत नाही. या पोरीने माझी लाज राखली."

मास्तरांचा सगळा जन्म त्या दुकानात गेला, पण गिऱ्हाइकासमोर चूक कबूल करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. वर्षभर त्यांची बोलणी कोरड्या डोळ्यांनी ऐकून घेणारी आमची आत्या भर दुकानात हमसून हमसून रडली.