गाडीकडे पाठ करायची नाही

चौथीपर्यंत शिकलो, पुढची अक्कल रेल्वेने दिली. मी चावीवाला होतो. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पिशवीत लाल-हिरवे झेंडे, आणि आपल्या हद्दीतला सगळा रूळ रोज पायी तपासायचा. रुळाला धरून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकायची, तुटली असेल तर नवी घालायची. तीस वर्षं हे केलं, आणि एकट्याने केलं. सोबत कोणी नसायचं आणि मला लागतही नव्हतं.

त्यामुळे सिंगापूरला मुलाकडे राहायला आल्यावर मला चुटपुट लागली ती त्या एकटेपणाची. बाकी इथे कशाला नाव ठेवायला जागा नाही. मुलगा बोटीवर इंजिनिअर, तो महिनोन्महिने समुद्रावर. सूनबाई पाया लेबार भागात ऑफिसला. आमची ही नातवात रमलेली. आणि मी पुंगोलच्या वस्तीत बाराव्या मजल्यावर खिडकीत, खालून फिरणारी दोन डब्यांची गाडी बघत. त्या गाडीला ड्रायव्हरच नाही हे कळलं तेव्हा दोन दिवस मी तिच्यात बसलो नव्हतो.

दारामागे मुलाची घडीची सायकल उभी होती. लांब चालायला माझे गुडघे कुरकुर करतात, सायकलवर गप्प असतात. मी ती काढली. सकाळी तासभर जायचो, येताना भाजी आणायचो. तो तास माझा होता. बाकीच्या वेळी कोणीतरी मला लिफ्टमध्ये घालायचं, कोणीतरी बाहेर काढायचं, सामानासारखं.

मग एक दिवस कोथिंबीर आणायला गेलो आणि तीन तासांनी आलो. चुकलो नव्हतो, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. पाण्याच्या कडेची वाट चांगली लागली म्हणून जात राहिलो. फोन घरी चार्जिंगला होता, एवढंच. पण परत येतो तर ही रडतेय, सूनबाई ऑफिस टाकून आलेली, आणि बोटीवरून मुलाचा फोन.

"बाबा, सायकल बंद."

"अरे, तुझ्या बापाने तीस वर्षं घाटातला रूळ—"

"तो घाट होता. इथे कोणाला रस्ता विचारणार? भाषा येते का तुम्हाला?"

मी फोन हिच्या हातात दिला. पुढचे चार दिवस मी कोणाशी बोललो नाही, आणि आमटीत कोथिंबीरही घालू दिली नाही.

पाचव्या दिवशी सूनबाईने तोडगा काढला. पुण्याची पोर, बोलणं नेमकं. म्हणाली, "बाबा, रविवारी माझ्याबरोबर चला. इथे जुन्या रेल्वेची वाट आहे, रूळ काढून चालणाऱ्यांना आणि सायकलींना दिलीय. तुम्ही पुढे, मी मागे. परत येईपर्यंत मला तुम्हाला एकदाही हाक मारावी लागली नाही, तर सायकल तुमची. त्याला मी सांगेन."

"आणि मारावी लागली तर?" हिने विचारलं.

"तर आई, सायकल मी ऑफिसला नेईन."

"मग आत्ताच ने," ही म्हणाली. "त्या दिवशी खांबाला धरून उतरले, मी वरून बघितलंय."

रविवारी आमची एक आणि सूनबाईने मैत्रिणीकडून आणलेली एक, दोन्ही सायकली घडी घालून आम्ही एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने निघालो. जंगलाच्या कडेला उतरलो, सायकली उघडल्या आणि वाटेवर आलो मात्र, मला हसू आलं. सूनबाई म्हणाली होती की वाट सोपी आहे. सोपी असणारच! इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून रेल्वेची वाट करणारे आधी डोंगर कापतात, खड्डे भरतात, मग रूळ टाकतात. तिथे घाम गाळणारे गाळून गेले होते, मी नुसता पाय फिरवत होतो. वळणसुद्धा कसं, सावकाश, लांबून सांगून येणारं. रूळ नव्हते, पण मला ते दिसत होते.

दोन्ही बाजूंना झाडी वरपर्यंत गेलेली, वेली लोंबतायत, मधूनच माकडं. एक लोखंडी पूल आला. त्यावर आठवण म्हणून रूळ ठेवलेत. मी उतरलो, खांबाला न धरता उतरलो, आणि वाकून बघितलं. आपल्या रुळांपेक्षा अरुंद. चाव्या जाग्यावर होत्या. आता त्यावरून कधी गाडी जायची नाही, तरी बघून बरं वाटलं.

पुढे निघालो तर समोरून येणारे लोक घंटी वाजवू लागले. एक पळणारी बाई हात करून काहीतरी म्हणाली. मीही हात केला. रविवार आहे, लोक खुशीत आहेत असं मला वाटलं. मागून सूनबाईची हाक नाही, काही नाही. मनात म्हटलं, सायकल आपली झाली.

एका वळणावर माझ्याच वयाचा एक चिनी गृहस्थ सायकलवरून आला तो थेट माझ्या पुढ्यात. दोघांनी ब्रेक दाबले. चाकाला चाक लागलं.

"अंकल, लेफ्ट! कीप लेफ्ट लाह!"

'लाह' इथे सगळेच बोलण्याच्या शेपटीला लावतात, पण मला अंकल म्हणतो! मी मराठीत सांगितलं, "डोळे आहेत ना? मी तुम्हाला केव्हाचा बघतोय." तो त्याच्या भाषेत बोलला. दोघांचंही बोलून झाल्यावर तोच बाजूने निघून गेला.

मी मागे वळलो. सूनबाई एक पाय टेकून उभी होती. तोंड घट्ट मिटलेलं आणि चेहरा लालबुंद.

"काय झालं?"

तिने मान हलवली. "पुढे तळं आहे. तिथे बसू."

जुन्या खाणीत पाणी साठून ते तळं झालंय. एका अंगाला उभा कातळ, खाली हिरवं पाणी, एक बगळा. तिने डब्यातलं थालीपीठ पुढे केलं आणि मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना.

"बाबा, तुम्ही पहिल्यापासून उजव्या बाजूने चालवताय. इथेही डावीकडूनच चालवतात. मी मागून सगळ्यांना हात जोडत आलेय!"

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारली असती तर तुम्ही नापास झाला असता."

थालीपीठ माझ्या हातातच राहिलं. मग तिला सांगितलं. दुहेरी लाइनवर चालायचं ते गाडी समोरून येईल त्याच बाजूने, म्हणजे उजवीकडून. गाडीकडे पाठ करायची नाही. मुकादमाने पहिल्या दिवशी हे शिकवलं, आणि जो एकदाच पाठ करून जिवानिशी गेला तो माझ्याबरोबरच कामाला लागला होता. मी ठरवून उजवीकडे गेलो नव्हतो. माझे पाय गेले होते.

ती हसायची थांबली. तेवढ्यात मुलाचा फोन. बोट बंदराला लागली होती. तिने फोन स्पीकरवर लावला.

"काय म्हणतायत बाबा? पास की नापास?"

"मला एकदाही हाक मारावी लागली नाही," ती म्हणाली. बोलण्यात खोट नव्हती. मी गप्प बसलो असतो तर सायकल तिथेच माझी होती. पण मी तीस वर्षांत सैल चावी घट्ट आहे असं कधी सांगितलं नाही.

"नापास," मी म्हणालो. "सगळी वाट उलट्या बाजूने आलो. एका माणसाला धडकणार होतो. चूक त्याची नव्हती."

बापाच्या तोंडून असलं वाक्य त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. मग तो म्हणाला, "तिच्याकडे दे... द्या." दोघं लांब जाऊन बोलले. मी बगळा बघत बसलो.

परतताना डावीकडून आलो. पाठीमागून कोण येतंय ते दिसत नाही म्हणून मान सारखी वळायची, आणि मान वळली की सायकल गवतात. तिसऱ्यांदा गवतात गेलो तेव्हा सूनबाईने हाक मारली. त्या दिवसातली पहिली.

"बाबा, मागे मी आहे. तुम्ही पुढे बघा."

मग मान सरळ राहिली. पुलापर्यंत एकदाही वळून बघितलं नाही.

बुधवारी तिने ऑफिसातून येताना एक डबी आणली. आत हाताच्या पंजाएवढा गोल आरसा, सायकलच्या मुठीला लावायचा. स्क्रू मीच आवळला, तिला पाना धरू दिला नाही. म्हणाली, "आधी आठवडाभर फक्त त्या पाण्याच्या कडेच्या वाटेने. फोन खिशात. डावीकडून."

"त्याला विचारलंस?"

"त्यानेच सांगितलं, आरसा घे म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तर ही दारात. "या वयात आरसा लागतो बाहेर जायला!"

मी सायकल लिफ्टमध्ये घातली. खाली आलो, आरसा जरा वाकडा केला, त्यात मागची सगळी वाट आली. वाटेवर कोणी नव्हतं. मग डावीकडून निघालो, कोथिंबीर आणायला.