न रडलेली नात

आमच्या शेजारची मावशी डोळ्यांच्या दवाखान्यात पोरांना उठवते. म्हणजे ऑपरेशननंतर भुलीतून शुद्धीवर येणाऱ्या पोरांजवळ बसते. डोळ्यांवर पट्टी, आई दाराबाहेर; पोर उठतं ते लाथा झाडतच. एकाने तिच्या मनगटाला असा चावा घेतला की खूण अजून आहे. मी म्हणते, मावशी, एवढ्या जोरात तर नवऱ्यानेही कधी हात धरला नसेल तुझा.

तिची युक्ती साधी. आदल्या दिवशीच रुमाल बांधून पोराशी आंधळी कोशिंबीर खेळायची, म्हणजे उठल्यावर अंधार ओळखीचा वाटतो. उशाशी आईची ओढणी, दिवा मंद, आणि पाचजणांनी एकदम ‘रडू नको’ म्हणून गलका करायचा नाही. एवढं करूनही निम्मी पोरं दवाखाना डोक्यावर घेतातच.

मग तिच्याच नातीची पाळी आली. पोरीचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात थोडं उरलेलं. तेवढं वाचवायला ऑपरेशन. आदल्या संध्याकाळी मावशीने तिला रुमाल बांधला. बाकीची पोरं लगेच ओढून काढतात. ही डब्यातली बटणं चाचपत, गुणगुणत बसली. माझ्या जिभेला हाड कुठलं? मी म्हटलं, "नात पहिल्या नंबराने पास झाली हो, मावशी!"

मावशी हसली नाही. तिने रुमाल सोडला. पोरीची बोटं तशीच चाचपत राहिली.

दुसऱ्या दिवशी नात भुलीतून उठली ती शांत. पाणी मागितलं, बाहुली मागितली. नर्सबाईंनी आजीच्या शिकवणीचं कौतुक केलं. सून तर येईल त्याला सांगत सुटली, आमची जराही रडली नाही म्हणून.

मावशी तिला एकदाच म्हणाली, "रडली असती तर बरं झालं असतं गं."

सुनेने तोंड फिरवलं. सासूला सुख बघवत नाही, असं मला जिन्यात सांगून गेली. पट्टी उघडली तेव्हा डॉक्टर बराच वेळ पोरीच्या डोळ्यांसमोर बॅटरी हलवत राहिले. मग बॅटरी खिशात ठेवली.

मावशी पुन्हा कामावर जाते. हल्ली तिच्याबद्दल तक्रार आहे. पोर किंचाळलं तरी ओढणी लगेच पुढे करत नाही, आधी क्षणभर नुसती ऐकत बसते. बहिरी झालीस की काय, असं मी चिडवलं.

"नाही गं," ती म्हणाली. "जे रडतं ना, त्याला अजून उजेड हवा असतो."