धुण्याच्या खोलीतली मुकी

उर्कुया पहिल्यांदा शाळेत आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात बटाटे सोलत बसले होते. अंगणातून एक बाई येत होती आणि तिला चिकटून एक उंच मुलगी. मुलगी आईपेक्षा बोटभर उंचच असेल, पण आईचा दंड दोन्ही हातांनी धरून, नुकतं पाऊल टाकायला शिकलेल्या बाळासारखी चालत होती. दुरून आल्या होत्या, म्हणून मी दोघींना आधी जेवायला बसवलं. उर्कुयाने मटणाचे तुकडे बारीक केले, फुंकर मारली आणि एकेक करून मुलीला भरवायला लागली. मुलगी तोंड उघडून वाट बघायची. शेजारच्या बाकावर आमची पहिलीतली पोरं आपापल्या हाताने, अंगावर सांडत का होईना, सूप पीत होती. ही मेरीम तेरा वर्षांची होती.

काराकोल शहराच्या टोकाला आमची निवासी शाळा होती, अंध आणि अधू नजरेच्या मुलांची. माझं अर्धं आयुष्य तिथल्या चुलीपुढे गेलं. शाळेत बाईंना एजेके म्हणायचे आणि मास्तरांना आगाय. तालाय आगाय मुलांना पांढरी काठी घेऊन चालायला शिकवायचे, आणि दर शरद ऋतूत डोंगरातल्या गावांतून हिंडून घरात बसवून ठेवलेली मुलं शोधून काढायचे. मेरीम त्यांनाच सापडली होती. लहानपणी मेंदूज्वर झाला आणि तिची नजर गेली. डॉक्टरांनी आईला सांगितलं, जपा. आईने जपलं. इतकं जपलं की आजारपणानंतर त्या मुलीने स्वतःच्या कोटाचं बटणसुद्धा कधी लावलं नव्हतं.

निरोपाची वेळ आली तेव्हा मेरीमने जो आक्रोश केला तो स्वयंपाकघरापर्यंत आला. तालाय आगायनी तिची बोटं एकेक करून आईच्या दंडावरून सोडवली आणि उर्कुयाला मागे वळू नका म्हणून बजावलं. ती वळली नाही. फाटकाबाहेर गेली. दुपारी सालं टाकायला मी मागच्या बाजूला गेले, तर ही कोळशाच्या खोलीमागे गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. गावाची बस सुटून गेली होती. बस सुटेपर्यंत ती मुद्दामच तिथे बसली होती.

तिला शाळेत काम हवं होतं, कुठलंही. धाकटा मुलगा सासूपाशी होता आणि नवऱ्याला तिने अजून काही सांगितलेलंच नव्हतं. योगायोग असा की आमची धुणंवाली नुकतीच मुलाकडे रशियाला निघून गेली होती आणि चादरींचा ढीग छताला लागला होता. मुख्याध्यापिका दामिरा एजेकेंनी तिला नखशिखांत न्याहाळलं.

"ठेवते," त्या म्हणाल्या. "पण मुलीला कळता कामा नये. या इमारतीत तुमचा आवाज ऐकू आला, किंवा तुम्ही तिचा हात धरलात, की त्याच दिवशी दोघींनी घरी जायचं."

"आणि ती पडली तर?"

"पडली तर उठेल. तेवढ्यासाठीच आणलंय ना तिला?"

दामिरा एजेकेंनी नंतर मला सांगितलं, ही आठवडाभरसुद्धा टिकायची नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

उर्कुया टिकली. तिने पायात रबरी बूट चढवले, चाल बदलली. केस साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यात बांधायची, म्हणजे अंगाला घरचा वास राहायचा नाही. मुलांना तर पावलावरून माणूस कळतो. नवी बाई आहे, ती कधीच बोलत नाही, हे त्यांना लगेच समजलं आणि त्यांनी तिचं नाव मुकी ठेवून टाकलं. मुकी आली, चादरी आली, असं ओरडत लहान पोरं तिच्यामागे धावायची. मुकी म्हणजे बहिरीही असणार, असं त्यांनी आपापसांत ठरवलं होतं. त्यामुळे कुणी कुणाची साखर चोरली, कुणाला कोण आवडतं, सगळं तिच्यासमोर बिनधास्त बोलायची. ती गुदमरून, आवाज न करता हसायची.

दर रविवारी ती शहरातल्या पोस्टात जायची आणि तिथून शाळेच्या कचेरीत फोन करायची, जणू गावाहूनच करतेय. आधी नवऱ्याला फोन करून घरची खबर घ्यायची आणि मग तीच मुलीला सांगायची: तपकिरी गाय व्याली, खिंडीत बर्फ पडला. नवरा पहिल्यांदा फार चिडला, मग त्यानेही साथ द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला मेरीम फोनवर नुसती रडायची. आई, मला घेऊन जा, इथे मलाच माझं अंथरूण घालायला लावतात. मुली मला राणीसरकार म्हणतात, तोंड उघडा म्हणतात. उर्कुया म्हणायची, बाळा, खिंड बंद आहे, उघडली की येते. मग शाळेत परत यायची आणि तिच्याच उशीचे अभ्रे धुवायला घ्यायची.

पहिला बर्फ पडल्यानंतरची गोष्ट. मी जिन्याखालच्या कोठीत पीठ काढत होते. वर धडधड आवाज झाला. बाहेर येऊन बघते तो मेरीम खालच्या पायऱ्यांवर पडलेली, ओठ फाटलेला, हनुवटीवरून रक्त. आणि तिच्याच मागे दोन पायऱ्या वर उर्कुया, हातात चादरींचं गाठोडं. मेरीम रडत होती आणि आई, आई म्हणून हाका मारत होती. उर्कुयाचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, संपलं, आता ही बोलणार. तिने गाठोड्यात तोंड खुपसलं. मी पुढे व्हायला गेले तर तिने मान हलवून मला थांबवलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मेरीमचा हात चाचपडत कठड्याला लागला. ती उठली. बाहीने तोंड पुसलं आणि भिंतीला हात लावत परिचारिकेच्या खोलीकडे गेली. उर्कुया चादरी घेऊन खाली आली, माझ्या कोठीत शिरली आणि पिठाच्या पोत्यावर बसली. मी तिला पाणी दिलं.

त्या हिवाळ्यात मुलगी बदलत गेली. बटणं आली, ब्रेल आलं, इस्त्री आली. स्वावलंबनाच्या तासाला तालाय आगाय मोठ्या मुलांना माझ्याकडे आणायचे आणि हातात खऱ्या धारेच्या सुऱ्या द्यायचे. मेरीमने गाजरासोबत बोटही कापलं आणि रडली नाही, नुसती शिवी हासडली. मला हसू आलं. ती शिवी कुठून शिकली म्हणून दारात उभ्या मुकीने मात्र डोळे वटारले. रविवारचे फोनही आखूड होत गेले. एकदा तर मेरीम म्हणाली, आई, पटकन बोल, बुद्धिबळाचा डाव अर्धा टाकून आलेय. त्या दिवशी पोस्टातून परतल्यावर उर्कुया जेवली नाही.

वसंतात काठीची परीक्षा होती. प्रत्येकाने शाळेपासून बाजारापर्यंत एकट्याने जायचं, दुंगान जमातीच्या बायकांच्या टपरीवर आशलानफूचा, म्हणजे थंड आंबट-तिखट शेवयांचा, वाडगा मागवायचा, खायचा आणि परत यायचं. मागे कोणी आहे की नाही हे आगाय सांगत नसत, पण ते कायम मागे असत. मेरीमचा नंबर होता त्या दिवशी मला बाजारातून कांदे आणायचे होते. उर्कुया सकाळीच फाटकाबाहेर माझ्यापुढे उभी राहिली. पोती उचलायला तुला कोणीतरी लागेलच, म्हणाली. मला सगळं समजत होतं. तरी मी तिला नेलं.

बर्फ वितळायला लागला होता आणि रस्त्याकडेचे पाट तुडुंब वाहत होते. कांदे घेऊन आम्ही परत निघालो तेव्हा मेरीम समोरून मोठ्या चौकापाशी आलेली दिसली. मान किंचित झुकवून ती गाड्यांचा कानोसा घेत होती, अगदी शिकवल्याप्रमाणे. आगाय तिच्या बरेच मागे होते. इतक्यात कल्पाक टोपी घातलेला एक भला म्हातारा आला, त्याने तिचं कोपर धरलं आणि, चल पोरी, मी नेतो, म्हणून निघालासुद्धा. ती नको नको म्हणत होती, पण त्याला पुण्य करायचं होतं. बाजाराचा रस्ता राहिला बाजूला. त्याने तिला भलताच रस्ता ओलांडून आमच्या बाजूला आणून सोडलं, पाठीवर थाप मारली आणि तो निघून गेला.

त्याच वेळी चौकात बस थांबली आणि तिच्यामागे गवताचा ट्रक अडकला. आगाय पलीकडे राहिले. ट्रकच्या खालून त्यांचे बूट इकडून तिकडे धावताना दिसत होते, पण ते शोधत होते ते उलट्या दिशेला.

मेरीम पांढरीफटक पडली होती. ती एकदा वळली, दुसऱ्यांदा वळली आणि तिची दिशा हरवली. ट्रकचा भोंगा वाजत होता, पाटाचं पाणी गर्जत होतं, त्या गोंगाटात तिला काहीच उमगत नव्हतं. भीतीने तिने काठी उचलून छातीशी धरली आणि ती चालायला लागली. समोर पाटावरची फरशी कुणीतरी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती. खाली माणूसभर खोल, बर्फाचं पाणी.

 उर्कुयाने पोतं टाकलं आणि धावली. मेरीमच्या अगदी जवळ पोचली. तिचा हात पुढे झालेला मी पाहिला, मुलीच्या बाहीपासून वीतभर अंतरावर. तिथेच तो हात थांबला.

"थांब," उर्कुया म्हणाली. "काठी खाली टेकव."

मेरीम जागच्या जागी थिजली. काठी खाली आली, टोकाला जमीन लागली नाही, पोकळी लागली. ती एक पाऊल मागे सरली.

"आई?"

उर्कुयाने पुढे झालेला हात मागे घेतला.

"आई, तू इथे कशी?"

"आधी अजून मागे हो."

मेरीम मागे झाली. तिचा श्वास मला एवढ्या लांबून दिसत होता. उर्कुयाने आपला दंड पुढे केला आणि हळूच म्हणाली, "धर. मी नेते."

"बाजार कुठल्या बाजूला आहे?" मेरीमने विचारलं.

"तुझ्या पाठीमागे. रस्ता ओलांडून. धर ना."

"नको."

तिने पाठ वळवली. काठीने रस्त्याची कड शोधली. गाड्या थांबेपर्यंत थांबली आणि पलीकडे गेली. तिकडून धावत आलेले आगाय तिच्या वाटेतून निमूट बाजूला झाले आणि पुन्हा मागे लागले. तिने टपरी गाठली, वाडगा संपवला आणि ती शाळेत परत आली. तोवर उर्कुया रस्त्यातच विखुरलेले कांदे गोळा करत बसली होती. मी गोळा केलेले कांदेसुद्धा ती पुन्हा ओतून पुन्हा भरत होती.

कचेरीत तालाय आगायनी सगळा दोष स्वतःवर घेतला. दामिरा एजेकेंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, अट इमारतीतल्या आवाजाची होती, रस्त्यातल्या नव्हे. पुढचं मुलगीच ठरवेल.

मुलगी संध्याकाळी धुण्याच्या खोलीत आली. मी तिथे टेबलपुसणी घ्यायला गेले होते. जायला निघाले तर उर्कुयाने पदर धरावा तसा माझा कामाचा झगा धरून ठेवला, म्हणून मला थांबावं लागलं.

"जिन्यावरून पडले तेव्हा तू होतीस?" मेरीमने विचारलं.

"होते."

"किती लांब?"

"हात पोचला असता."

यंत्र घरघरत होतं. मेरीमने चाचपून ते बंद केलं.

"मी तुलाच हाका मारत होते."

"ऐकल्या मी."

 मेरीम आता रडेल असं मला वाटलं, पण तिने भलतंच विचारलं. "मग ते वासरू? तेही खोटंच?"

"वासरू खरं आहे. तुझ्या बाबांना विचार."

 मग मेरीम म्हणाली, "तू घरी जा."

"रागाने बोलतेस?"

"राग आलाय. खूप आलाय. पण त्यासाठी नाही म्हणत. आता तू इथे आहेस हे मला माहीत झालंय. आता प्रत्येक पावलाला मी तुझी वाट बघेन. मला ते नकोय."

उर्कुयाने तोंड उघडलं आणि मिटलं. एवढा हिवाळा गप्प राहायची सवय होती, तीच तिच्या कामी आली असावी.

सकाळी ती निघाली तेव्हा लहान पोरं अंगणात होती. येते रे बाळांनो, ती मोठ्याने म्हणाली. सगळी गप्प झाली. मग त्यांतला एक चिमुरडा, बायिश, घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मुके, म्हणजे आम्ही बोलायचो ते सगळं तुला ऐकू यायचं?" उर्कुया म्हणाली, सगळं, आणि साखर कोणी चोरली तेही. मेरीम फाटकापर्यंत आली होती. तिने आईला मिठी मारली, पण लवकर सोडली.

तो राग पुरता जायला दोन-तीन वर्षं लागली. रविवारी आता खरंच गावाहून फोन यायचा, आणि कधी कधी मेरीम निरोप पाठवायची की कामात आहे. शाळा संपवून तिने राजधानीत, बिश्केकला, मालिशचं शिक्षण घेतलं. आता तिथल्याच एका दवाखान्यात काम करते.

मागच्या उन्हाळ्यात मी उर्कुयाच्या गावी गेले होते. कुरणावर तिचा तंबू होता, समोर घोड्या दोहायला बांधलेल्या. मेरीमने शहरात स्वतःची खोली भाड्याने घेतलीय, एकटीच राहते, हे उर्कुयाने मला आल्या आल्या सांगितलं. खोलीत गॅसची शेगडी आहे म्हणे. ती शेगडी बरी असेल का, नळी जुनी नसेल ना, घरमालकीण कशी असेल, असं ती मलाच विचारत बसली, जणू मी बिश्केकहून आले होते.

मी म्हटलं, "एवढी काळजी वाटते तर जाऊन बघून ये की."

"तिने बोलावलं नाही अजून," उर्कुया म्हणाली आणि माझ्या वाडग्यात चहा ओतला.