देव्हाऱ्यातली रोमन नाणी

नोकरीतल्या बाकी केसेस पुसट झाल्या, ही एक मात्र अजून सलते. मी जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये वाढलो, तिथल्याच पोलीस खात्यात गुन्हे तपास केला. खात्यात मराठी येणारा मी एकटाच.

एका शेतकऱ्याने खबर दिली, की रोमन अवशेषांच्या संरक्षित जागेत कुणी भारतीय माणूस मेटल डिटेक्टर घेऊन खणतो. गाडीचा नंबरही दिला. माणूस निघाला पुण्याचा इंजिनिअर. इथे जमिनीत असं काही सापडलं तर सरकारला कळवावंच लागतं. चौकशीत त्याने एकच पालुपद धरलं, आपण फक्त फिरायला जातो. कोर्टाचा हुकूम आणून घराची झडती घेतली. सहकाऱ्यांनी तळघरापर्यंत सगळं उलटंपालटं केलं, पण त्यांना हवी होती मातीने हिरवी पडलेली नाणी. ती कुठेच नव्हती.

मी बूट काढून देव्हाऱ्यापाशी गेलो. बाळकृष्णाशेजारी हळदकुंकू वाहिलेली तीन लखलखीत नाणी होती, त्यांवर किरणांचा मुकुट घातलेला रोमन सूर्यदेव.

आपली भाषा बोलणारा पोलीस पाहून इंजिनिअरच्या आईचा जीव भांड्यात पडला होता. त्यांनी माझ्या हातावर लाडू ठेवला. मुलाविरुद्ध न बोलण्याचा हक्क आईला असतो आणि तो आधी समजावून सांगायचा असतो, हे मला पाठ होतं. मी आधी लाडू खाल्ला. मग विचारलं, "मावशी, हा सूर्यनारायण कुठला?"

"अहो, लेकाला शेतात सापडला. डोक्याला किरणं बघा, हात कसा आशीर्वादाचा. हिरवा पडला होता, रथसप्तमीला चिंच-मीठ लावून घासला."

हक्क मी त्यानंतर वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावून सही केली. संग्रहालयातल्या तज्ज्ञ बाईंनी नाणी पाहून कपाळाला हात लावला. घासण्यात अक्षरं गेली होती.

आईचा जबाब समोर ठेवताच मुलाने कबुली दिली. कंपनीने त्याला काढलं. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे पुण्याला परतण्यावाचून इलाज उरला नाही. निघण्याआधी मावशी ठाण्यात आल्या.

"साहेब, माझ्या बोलण्यामुळे तर नाही ना झालं हे?"

मी नाही म्हणालो. त्या माझे आभार मानून गेल्या.

आपला समजून बोलणाऱ्याकडून जबाब काढणं याला तपास म्हणत नाहीत, हे मी त्या केसमध्ये शिकलो. शिकलो तरी काय, त्याच जबाबावर मला बढती मिळाली आणि मी ती घेतली.