झिरोचं खातं

मळवलीत बंगले सांभाळणाऱ्या आम्हा बायकांची एक खोड आहे. झाडलोट करायची दुसऱ्याच्या घरात आणि बोलायचं मात्र 'आमचा बंगला'. आमच्या बंगल्यावर शनिवारी पाहुणे आहेत, आमच्या बंगल्याचा माळी पळून गेला. मालक मुंबईला, महिन्यातून एखाद्या वेळी फिरकणार, त्यामुळं बाकीचे दिवस आपल्याला खरंच तसं वाटायला लागतं. मला जरा जास्तच वाटायचं.

नवरा गेल्यावर त्याचं काम मी धरलं. पगार रोख मिळायचा तोवर ठीक होतं. मग मालकीणबाई म्हणाल्या, आता सगळं ऑनलाइन, तुझा खाते नंबर दे. माझं खातंच नव्हतं. धाकट्या दिराचं होतं, त्याचा नंबर दिला. भाऊजी माणूस लाखात एक, माझ्या एका रुपयाला त्यांनी कधी हात लावला नाही. पण पैसे मागायला गेलं की टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि मायेनं विचारायचे, "काय नड आली, वैनी?" किराणा म्हणायला काही वाटत नाही. पण बाईमाणसाच्या सगळ्याच गरजा दिराला सांगण्यासारख्या नसतात. त्यात आतल्या बाजूला जाऊबाईंची विळी बरोबर त्याच वेळी भाजी चिरायची थांबायची. घरून निघाले की मी वाटेत कारणं जुळवत जायचे. मला एवढंच पाहिजे होतं, की माझे पैसे मी काढीन आणि कुणाला काही सांगणार नाही.

म्हणून लोणावळ्याच्या बाजारातल्या एका बँकेत गेले. तीच बँक का? तर तिची काच चांगली होती. शिवाय मालकीणबाईंनी दिलेली सिल्कची साडी कपाटात पडून होती, ती कुठंतरी नेसून जायचंच होतं.

टायवाल्या साहेबानं विचारलं, "कुठं राहता?"

"मळवलीला. आमच्या बंगल्यावर," मी सवयीनं बोलून गेले.

"अरे वा. स्विमिंग पूल वगैरे आहे?"

"आहे की. दर आठवड्याला साफ होतो." कोण साफ करतं ते त्यानं विचारलं नाही.

त्यानं उठून मला खुर्ची ओढून दिली आणि चहा मागवला. त्याचा काय समज झालाय ते मला तेव्हाच कळलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, पण कुठल्या कचेरीत मला आजवर कुणी बसासुद्धा म्हटलं नव्हतं. म्हटलं, चहा तरी संपू दे. चहा संपला तोवर सह्या झाल्या होत्या. खात्यात कायम अमुक इतकी शिल्लक ठेवावी लागेल असं तो म्हणाला, तेव्हा मी अशी मान हलवली, की तेवढे तर आमच्या गादीखाली सहज सापडतील. बडा घर पोकळ वासा म्हणतात. माझा तर वासासुद्धा दुसऱ्याचा.

सोनेरी कार्ड मिळालं. जाऊबाईंना ते दोनदा दाखवून झालं. पगार जमा झाला, मी घरखर्चाला काढला, आणि पुढच्या महिन्यात पगारातला एक लचका गायब. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मी बँकेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत शेजारच्या बंगल्यावरच्या मावशीकडं गेले. ती माझ्यासारखीच राखणीला असते, पण तिची जीभ माझ्यापेक्षा धारदार.

माझ्या मोबाइलवरचे बँकेचे इंग्रजी मेसेज तिनं नातीकडून वाचून घेतले. "खात्यात कमी ठेवलं म्हनून दंड कापत्यात तुजा."

"माज्याच पैशापायी मलाच दंड?"

"तू कुटलं खातं काढलंस? माजं झिरोचं हाय. त्यात काय बी न्हाई ठेवलं तरी चालतंय. कुनाला बी मिळतं ते."

"मला न्हाई कुनी सांगितलं."

"ती साडी नेसून गेलीवतीस न्हवं? मग कोन सांगंल?" मावशी पोट धरून हसली. मग म्हणाली, "जा, मागून घे. न्हाई म्हनले तर म्हनावं, न्हाई म्हनता ते लिवून द्या. लिवायचं म्हनलं की हात आखडतोय त्यांचा."

सोपं होतं. फक्त त्या माणसापुढं उभं राहून सांगायचं होतं, की मी ती नव्हेच. दोन गुरुवार मी बाजारातून भाजी घेऊन तशीच परत आले. तिसऱ्या खेपेला पगाराचा आणखी एक लचका गेला होता, मग मात्र डोकं फिरलं. कामावरच्या साडीतच गेले.

"या मॅडम, बंगला काय म्हणतो?" साहेबानं खुर्चीकडं हात केला.

"बंगला माझा नाही," मी म्हणाले. माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. सगळी बँक बघायला लागली. "मी तिथं भांडी घासते. पूलही मीच साफ करते. मला झिरोचं खातं पाहिजे."

त्याचा चेहरा उतरला. माझा आधीच उतरलेला होता. "ती खाती आम्ही नाही करत. पलीकडच्या बँकेत विचारा."

"तसं लिहून द्या. सही-शिक्क्यासकट."

तो आत गेला, बराच वेळ कुणाशी बोलत राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, आहे तेच खातं झिरोचं करता येईल, अर्ज भरा. चहा काही मिळाला नाही. अर्ज मी काउंटरला टेकून उभ्यानंच भरला.

पुढच्या पगाराला पैसे काढायला गेले. कॅशियरपुढं स्लिप सरकवली आणि माझी टकळी सुरू झाली. "चपला घ्यायच्यात. जुन्या शिवून चालल्या असत्या तशा, पण बंगल्याच्या चढावर पाय घसरतो, आणि आता..."

"मावशी, हे सांगावं लागत नाही," कॅशियर मान वर न करता म्हणाला. "पैसे तुमचे आहेत. मागं सही राहिलीय, तेवढी करा."

चपलांचं माझं अजून निम्मं सांगायचं होतं. ते तोंडातच राहिलं. मी सही केली, नोटा घेतल्या आणि सगळ्या रांगेदेखत रडायला लागले. कुणी कारण विचारलं नाही.