पाचपैकी पाच नको

नंदिनी थूल म्हणजे हट्टी बाई, हे आधीच सांगून टाकते. देवळीची. बी.ए. झाली आणि एक्क्याण्णवच्या जनगणनेपासून लोकांची दारं ठोठावत फिरू लागली. जनगणना, पोलिओ, बचतगट, जे सर्वेक्षण निघेल ते, सगळं तात्पुरतं. दोन हजार पाचच्या हिवाळ्यात पहिल्यांदा तिला कायमची जागा मिळायची वेळ आली, जिल्हा पर्यवेक्षकाची. अट एकच: तालुक्याचं काम वेळेत संपवायचं.

कोणत्या देशाचा कारभार किती बरा, याची तुलना करणारा तो अभ्यास होता. देशोदेशी लोकांना तेच प्रश्न विचारायचे. ठाण्यात तक्रार लिहून घेतात का? चिरीमिरी न देता दाखला मिळतो का? एक ते पाच गुण द्यायचे, त्यांची सरासरी काढून देश शेजारी शेजारी मांडायचे. राज्यशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले होते, म्हणून तपासायला सोबत.

शेवटच्या गावात जीप शिरली तर रस्ते झाडलेले, दारोदार रांगोळ्या, पोरांची नखंसुद्धा कापलेली! नियमाप्रमाणे नागपूरच्या कार्यालयाने आधी निरोप धाडला होता, ‘पाहणी पथक येत आहे.’ गावाला वाटलं, ग्रामस्वच्छतेच्या बक्षिसाची समिती आली. हे बक्षीस त्यांचं दोनदा हुकलेलं. सरपंच मधुकररावांच्या ओसरीत सगळे हजर.

“पोलीस?”

“पाच!”

“तलाठी?”

“पाच!”

म्हातारे रामाजी म्हणाले, “पाचाच्या वर नाई का जी काही?”

नंदिनीने पेन खाली ठेवलं. “हे बक्षिसाचं नाई, भाऊ. गावाले मार्क नाई भेटत याच्यात. हे देशाचं हाय.”

मधुकरराव हसले. “मंग देशाचं नाव काऊन खराब करून राह्यली ताई? लिही पाच.”

“अंगात ताप असला तं थर्मामीटरले लाच देता का?”

ओसरी खदखदली, पण उत्तर कोणी बदललं नाही. सरपंचासमोर कोण बदलणार?

जीपमध्ये नंदिनी म्हणाली, “बाई, हे सारं रद्द. मी पुन्हा विचारतो.”

“वेड लागलं का तुला? मुदत उद्या संपते. जागा जाईल.”

“जाऊ द्या.”

नागपूरहून योगेंद्रचा फोन आला. तो या कामाचा प्रमुख. म्हणाला, आहे तेच पाठवा, एका गावाने सरासरी हलत नाही. मी फोन नंदिनीकडे दिला. ती म्हणाली, “सर, सारेच असं म्हणतील तं मोजता काऊन?” आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून ती एकटीच एसटीने जाऊ लागली. गावात नाही, कापसाच्या शेतात. बायांसारखी वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधायची, वेचता वेचता शेजारच्या तासातल्या, म्हणजे ओळीतल्या, बाईला विचारायचं. तिथे सरपंच नसतो. सुलोचनाबाई म्हणाली, “ठाण्यात गेलती मी, तं म्हणे नवऱ्याले घेऊन ये. त्यानंच तं मारलं व माय! एक लिव.”

“आन दवाखाना?”

“नर्सबाई मोठी चांगली. चार. पाच नाई, औषध नसते तिच्यापाशी.”

संध्याकाळी ती हे मला वाचून दाखवायची. मला हेच हवं होतं. नुसती चिडचिडही नाही, नुसती आरतीही नाही. पुरुषांना तिने बाजाराच्या दिवशी देवळीत एकेकटं गाठलं. रामाजींनी तलाठ्याला दोन दिले आणि म्हणाले, “मधुकरले सांगजो नको.”

उत्तरं उशिरा गेली. मी नवी तेवढीच सही करून पाठवली आणि जुनी का टाकली ते चार खरमरीत ओळींत लिहिलं. योगेंद्रने नवी घेतली. पर्यवेक्षकाची जागा मात्र दुसऱ्या तालुक्याचं काम वेळेत संपवणाऱ्या राकेशला दिली. मी तणतणले, वर पत्र लिहायला निघाले.

“राहू द्या बाई. घेतली ना उत्तरं?”

“अगं, पण तुझी जागा?”

“ते गेली.” तिचा आवाज जरा बसला होता, नाही असं नाही. मग ओढणी सारखी करून ती राकेशसमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान.

“समुद्रपूर तालुक्याचं काम मले दे,” ती म्हणाली. “आन ऐकून घे, साहेब. तिथं आधी निरोप धाडशील तं मी येणार नाई.”

राकेशने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “माझ्याकडे काय बघतोस? हो म्हण.”