मनात चालवलेला प्रोग्राम

कोडिंगच्या वर्गात यापुढे कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं, हे मला आज ठरवायचं होतं. नेहमीप्रमाणे यादी केली होती: वेग, सोय, चुका दाखवण्याची पद्धत. पहिल्या नावापुढे, म्हणजे सध्या वापरतो त्याच सॉफ्टवेअरपुढे, सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या सारिकाकडे लक्ष गेलं. ती चौकटीच्या वहीत प्रोग्राम उतरवत होती. प्रोग्राममधल्या काही ओळी आत सरकवून लिहाव्या लागतात; अशा प्रत्येक ओळीआधी ती मोजून चार चौकटी मोकळ्या सोडत होती. मग एकेका ओळीवर बोट ठेवून ती पुटपुटायला लागली.

“अगं, समोर संगणक आहे की!” मी म्हटलं.

“घरी आईचा फोनच आहे ना, मॅडम. त्यावर हे वर्गातलं सॉफ्टवेअर चालत नाही. म्हणून घरी मनातच चालवून बघते, तीच सवय लागलीय.”

“मनात एररपण येत नाही, मॅडम!” शेजारची मैत्रीण म्हणाली. दोघी खूप हसल्या.

मला मात्र तेव्हापासून चैन नाही. साधन निवडताना आपण त्याचे गुण मोजत बसतो. ते कुणाच्या हातात पडणार, हे मोजायचं राहून जातं. फोनवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुढचे धडे अडतील, इतर पालक कुरकुरतील, हे खरंच. पण चूक कुठे झाली हेच घरी कळत नसेल, तर ही मुलगी वर्गात किती दिवस टिकेल?

सुटताना मी तिला म्हटलं, “उद्या आईचा फोन आण. त्यावर काय चालतं ते बघू.”

“दिवसा नाही मिळायचा. आई कामावर नेते.”

“मग संध्याकाळी मीच येते तुमच्याकडे. आईला सांगून ठेव.”